जर्मनच्या डब्यातली डरकाळी

शिरपूर जैनच्या रस्त्याला लागून रंगरावांचं भाजीचं रान. वांगी, मेथी, कोथिंबीर आणि बांधाकडच्या अंगाला रताळी. सकाळी त्या रानाजवळून जाणाऱ्याला एक गंमत ऐकू यायची. रंगरावांची धाकटी लेक शुभांगी सरीत वाकून वांगी तोडायची आणि तोंडानं पुटपुटायची, "तपकिरी एक, लाल दोन, केशरी तीन..." वाटेनं जाणाऱ्या बायांना वाटे, पोरीनं कुठल्या बुवाचा मंत्र घेतला.

मंत्र कसला हो! रेझिस्टर म्हणून एक तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा असतो. त्याच्या अंगावर रंगाचे पट्टे, आणि त्या पट्ट्यांवरून त्याचा आकडा वाचायचा. तो पाठ होईना, तेव्हा शुभांगीनं त्याला भाजीबाजार लावून दिला. तपकिरी चिंच, लाल टमाटं, केशरी गाजर, पिवळं लिंबू, हिरवी मिरची. सातचं जांभळं तर घरचंच वांगं! अडलं ते सहाच्या निळ्यापाशी. निळी भाजी देवानं केलीच नाही. मग तिथं बापाचा फवारणीचा निळा पंप उभा केला आणि गाडी पुढं गेली.

हे खूळ शिरलं ते गिटारमुळं. शुभांगी वाशीमला कॉलेजात होती तेव्हा खोलीतल्या मैत्रिणीनं नोकरीवर जाताना आपली जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि लहानसा ॲम्प्लिफायर तिच्या गळ्यात घातला. पोरगी रोज वाजवी, हातही बरा बसला. पण आवाज कसा? टिंग टिंग. थोरला भाऊ दिनेश म्हणे, "शुभे, गिटार वाजवून राह्यली का वाटीवर चमचा?"

मोबाइलवर मोठमोठ्या वादकांची गिटार तर वाघासारखी गुरगुरते. तिनं शोधलं तेव्हा कळलं, की सगळी करामत पेडलची. पेडल म्हणजे पायानं दाबायची डबी. गिटारची वायर एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर, आणि मधल्या मधे मांजरीचा वाघ. एका माणसानं व्हिडिओत ती डबी उघडून दाखवली. आत दोन ट्रान्झिस्टर, पाच-सात बारीक तुकडे, एक चौकोनी बॅटरी. शुभांगी मोठ्यानं हसली. "एवढंच? याच्यापेक्षा जास्त तं आपल्या विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरात राह्यते!"

आणि तिथंच नको ते बोलून बसली. थोरली बहीण राधिका, तिचं लग्न ठरलेलं. दिनेशचा हट्ट, हळदीला डीजे पाहिजे. राधिका म्हणाली, "मले डीजे नको. माह्या हळदीत शुभी वाजवीन." शुभांगी छाती पुढं काढून म्हणाली, "वाजवतो का नाई पाह्य! असा आवाज काढतो का मांडव हालला पाहिजे!" रंगराव पडले भोळे आणि लेकीवर जीव टाकणारे. त्यांनी त्याच दिवशी डीजेवाल्याला नाही म्हणून सांगितलं आणि प्रत्येक पाहुण्याला आमंत्रणाबरोबर बातमीही दिली, की आमची पोरगी वाजवणार. दिनेश म्हणाला, "आन नाई वाजलं तं? पाहुण्यायनं काय टाळ्या पिटून नाचाव?"

हाताशी उरला एक महिना. आता शुभांगीची इज्जत त्या डबीत.

सुटे भाग कुरिअरनं आले. वांगी बाजारात गेली, सांजची कामं उरकली, की शुभांगी ओट्यावर सोल्डरिंगची कलम तापवून बसे. पहिल्या दिवशी बोट भाजलं. दुसऱ्या दिवशी कथील असं सांडलं, की तिची माय गिरजाबाई म्हणाली, "माय वं, हे तं गोवरी थापल्यावानी झालं." तिसऱ्या दिवशी ट्रान्झिस्टर उलटा बसला. सुलटा केला तर रेडिओवरच्या बातम्या ऐकू आल्या! रंगराव खूश. म्हणाले, "आता हातचं सोडू नको, भाजीचे भाव पण सांगते का पाह्य."

आठवड्यानं एकदाची डबी बोलली. डबी कसली, प्लॅस्टिकची साबणदाणी. तिला भोकं पाडून सगळं आत कोंबलेलं. शुभांगीनं बटण दाबलं, तार छेडली, आणि गुर्रर्र करून असा आवाज निघाला, की गोठ्यातल्या म्हशीनं दावं ताणलं. शुभांगी ओट्यावरून उडी मारून अंगणात! राधिकाला गरगर फिरवली, मायला फिरवली, दिनेशलाही फिरवायला गेली तर तो पळाला.

पण गुरगुर थांबली तसं ऐकू आलं. टक. क्षणभर शांत. टक. पुन्हा टक. तारेला हात लावा न लावा, घड्याळासारखं आपलं टक, टक.

शुभांगीनं कथलाचे सगळे डाग उकलले, पुन्हा लावले. टक. नवी बॅटरी घातली. टक. गिरजाबाईनं साबणदाणीवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या, वर लिंबू-मिरची बांधली. त्यानं टक गेली नाहीच. दिनेश मात्र म्हणाला, "हे बरं हाय, वाघाले उचकी लागली!"

शेवटी तिनं सारं बोचकं बांधलं, एसटी धरली आणि तालुक्याच्या गावी, मालेगावात, मोहनसिंगांचं दुकान गाठलं. रेडिओपासून टीव्हीपर्यंत सगळं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी जोडून पाहिलं. दुपारची वेळ. आवाज कसा? लोण्यासारखा. टक नाही न टुक नाही.

"बेटा, हिले काय झालं? ठणठणीत हाय ना."

"काका, घरी टकटक करते हो! देवाची शप्पथ!"

"मंग तुह्या घराले तपासा लागते," मोहनसिंग हसून म्हणाले.

दवाखान्याची पायरी दिसली की ताप उतरतो, तसली गत. घरी येऊन सांजेला जोडलं, तर टक! शुभांगीनं कपाळाला हात लावला. लग्न पाच दिवसांवर.

दुसऱ्या सांजेला ती नुसतीच ओट्यावर बसली होती. पेडल चालू, टक टक चालू, तोंड उतरलेलं. आणि एकाएकी टक बंद. एक क्षण, दोन क्षण, दहा क्षण. शुभांगी नाचायलाच लागली. "गिरजाबाई, तुमचं लिंबू पावलं वं!" म्हणून मायचे गाल ओढले. एवढ्यात रानातून रंगरावांची आरोळी आली, "अरे दिन्या, धाव! रताळ्यात डुकरं शिरली!"

इथं एक सांगायचं राहिलं. या भागात रानाभोवती झटक्याची तार असते. रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं पिकात शिरू नयेत म्हणून एक मशीन बॅटरीवर क्षणाक्षणाला तारेत झटका सोडतं. जनावर मरत नाही, पण परत फिरतं. रंगराव दिवेलागणीला ते चालू करत आणि सकाळी बंद करत. वर्षानुवर्षं खांबावर त्याची टकटक चाललेली. घरातल्या कानांना ती इतकी सवयीची, की कोणाला ऐकूच येत नव्हती. त्या सांजेला मशीनच्या बॅटरीचा चिमटा निसटला होता.

डुकरं हाकलून रंगरावांनी चिमटा बसवला. इकडं ओट्यावर, टक!

शुभांगी ताडकन उठली. "बाबा! बंद करा!"

"काहून वं?"

"करा तं!"

बंद. टक गायब.

"चालू करा!"

टक.

"बंद करा!"

"अवं, डुकरं काय तुह्या बटणावर येतात-जातात काय?"

शुभांगी हसून हसून अंगणात बसली. तारेतल्या झटक्याची लहर हवेतून येऊन साबणदाणीतून सरळ आत शिरत होती आणि पेडल तिलाही वाघ करून दाखवत होतं.

तिनं मोहनसिंगांना फोन लावला. ते म्हणाले, "प्लॅस्टिक नाई अडवत त्याले. धातूच्या डब्यात घाल, डब्याले अर्थिंग जोड, आन वायर जाळीची घे."

रंगराव म्हणाले, "मी हळदीपुरतं मशीन बंद ठेवतो."

"आन रताळी? सहा महिन्याची मेहनत डुकराले जेवण म्हून वाढता काय?" शुभांगीनं साफ नाही म्हटलं.

मग घरात डब्यांची झडती सुरू झाली. स्टीलच्या डब्याला भोक पडता पडेना, ड्रिलचं टोकच मोडलं. गिरजाबाई आत गेली आणि माहेरून आणलेला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, चपटा डबा घेऊन आली. त्यातल्या सुया-दोरे पदरात ओतले. म्हणाली, "पाड भोकं. पण वाजलं नाई तं तुह्या डोक्यालेच पाडीन!"

हळदीचा दिवस. मांडव पाहुण्यांनी भरलेला, राधिका पाटावर पिवळीधमक. जर्मनच्या डब्यात बसवलेल्या पेडलला अर्थिंग दिलेलं, जाळीची वायर लावलेली, आणि शुभांगीचा ॲम्प्लिफायर मांडववाल्याच्या भोंग्याला जोडलेला. दिनेश खिशातल्या फोनवर हात ठेवून उभा. डीजेवाला गावातच आहे, हे त्यानं विचारून ठेवलं होतं. दिवेलागण झाली. रंगराव उठले, रानात गेले, स्वतःच्या हातानं मशीन चालू केलं आणि मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले. शुभांगीचं पाऊल डब्यावर अधांतरी.

दाबलं.

भोंगा नुसता बारीक सूं करत राहिला. एक क्षण गेला. दोन गेले. पाच गेले. टक नाही! रंगरावांनी मोठ्यानं श्वास सोडला, आणि शुभांगीनं तारेवर हात मारला.

अशी डरकाळी निघाली, की म्हशीनं या खेपेला दावं तोडलंच. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीच्या हातातली हळदीची वाटी उडाली आणि नवरीच्या मामाच्या टोपीवर बसली. मग हळदीचं गाणं त्या वाघाच्या गळ्यातून सुरू झालं. बाया उठल्या, पोरंटोरं उठली, मामा टोपीवरची वाटी सांभाळत उठले. दिनेशनं फोन खिशातून काढला, पण बहिणीचा व्हिडिओ काढायला. तोही धड निघाला नाही, कारण नाचता नाचता फोन हातात टिकेना.

राधिका पाटावरून ओरडली, "शुभे, मले पण दाबू दे वं!"

"बस खाली! नवरी उठत नाई पाटावरून," गिरजाबाई म्हणाली.

"मंग तो डबा इकडं आण!"

शुभांगीनं वाजवता वाजवता डबा पायानं पाटापाशी सरकवला. नवरीनं हळदीनं भरलेला पाय त्यावर ठेवला आणि दाबला. वाघाची एकदम मांजर झाली. पुन्हा दाबला. वाघ! राधिका टाळ्या पिटत हसायला लागली आणि पाय काही उचलेना. मांजर, वाघ, मांजर, वाघ, आणि त्या तालावर रंगराव दोन्ही हात वर करून असे नाचले, की धोतराचा सोगा सुटला तरी त्यांना पत्ता नव्हता.