जाड तेलाची सवय

ऑइल प्रेशरचा काटा शेवटच्या रेघेला जाऊन टेकला आणि मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. गॅरेज एकदम गप्प झालं.

लाँड्रीवाल्याच्या व्हॅनचं हे इंजिन त्यांच्या सुनेने बांधलं होतं. एकटीने, पहिल्यांदाच. मुलगा गॅरेजमध्ये कधी रमला नाही. सून मात्र सहज डबा द्यायला आली आणि पाना घेऊन बसली, ती उठलीच नाही. "हे नीट चाललं, तर पुढे इंजिनाची कामं तुझी," असं मिस्त्री बोलून बसले होते.

"पंपाचा वॉल्व्ह अडकला असणार," ते म्हणाले. "जास्तीचं प्रेशर तोच सोडतो. साफ केला होतास ना?"

"केला होता, बाबा."

"मग खोलावं लागेल."

"आधी सेन्सर तपासू. तो थापा मारत असेल."

लाँड्रीवाला स्टुलावरून म्हणाला, "बघा बुवा. डाग काढायचा धंदा माझा. तुम्ही पाडू नका."

तिने सेन्सर काढून त्या जागी हातातलं गेज जोडलं. इंजिन तापलं, तरी त्याचाही काटा तसाच वर. सेन्सर खरं बोलत होता. सुनेची मान खाली गेली. मिस्त्रींना वाईट वाटलं. त्या वाईटाच्या तळाशी कुठेतरी किंचित बरंही वाटलं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

खोलायचं म्हणून त्यांनी खाली ट्रे सरकवला आणि तेल सोडलं. इंजिन गरम असूनही तेल पडत होतं सावकाश, दोरखंडासारखं. मिस्त्री बघत राहिले. उभा जन्म त्यांच्याकडे झिजलेल्या गाड्याच आल्या. सैल झालेल्या सांध्यांत पातळ तेल टिकत नाही, म्हणून ते जाडच पाजायचे. काल सून तिच्या मुलीला शाळेतून आणायला गेली, तेव्हाही हात आपसूक त्याच डब्याकडे गेला होता. तिने घट्ट बसवलेल्या नव्या इंजिनात त्या तेलाला फिरायला फटच नव्हती.

सुनेनेही ती धार पाहिली, मग कोपऱ्यातला रिकामा डबा. "फिल्टरही बदलते," एवढंच म्हणाली.

पातळ तेल भरलं. इंजिन पुन्हा तापलं. काटा मध्यावर येऊन थांबला.

"काय निघालं?" लाँड्रीवाल्याने विचारलं.

"तेल चुकीचं होतं," ती हात पुसत म्हणाली.

"म्हणजे सूनबाईंनी पहिल्याच घासाला..."

ती काही बोलणार नव्हती. बाहेरच्या माणसासमोर तर नाहीच. मिस्त्रींना तेच बोचलं.

"तेल मी ओतलं," ते म्हणाले. "इंजिन तिने चोख बांधलंय. म्हणून तर माझं तेल त्याच्या घशाखाली उतरेना."

लाँड्रीवाला स्टुलावरून उठला. "मग दुसरी व्हॅन कुणाकडे आणू?"

"तिला विचार, तिला कधी सवड आहे ते."

सून व्हॅनचं बॉनेट लावत होती. "सोमवारी आणा," ती म्हणाली. "आणि बाबा, तेल मी भरेन."

"भर," मिस्त्री म्हणाले, आणि ट्रे उचलायला खाली वाकले.