आप्पासो मगदूमांचं मागचं टेबल

आप्पासो मगदूमांना मी नऊ वर्षं रोज बघतोय, पण एखादी वस्तू त्यांनी न उघडता वापरल्याचं मला आठवत नाही. नवा मिक्सर घरात आला की आधी त्याचा तळ उघडायचा, आतली मोटर बघायची, नाक मुरडायचं आणि मगच चटणी वाटायला द्यायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं जळालेल्या मोटरींना नवी तार भरलेल्या माणसाची ही खोड आहे, ती जायची नाही. मी त्यांना एकदा म्हटलं, "आप्पा, जावई ठरवतानाबी त्येचं झाकण काढून बघितलं असणार तुम्ही." तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आवाज करत असता तर बघितलं असतं की."

राजारामपुरीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शेजारचा गाळा त्यांच्या मुलीचा, आदितीचा. ती गेम खेळायचे कॉम्प्युटर जोडून विकते. पुढं काचेत रंगीत दिव्यांची मशिनं, आणि पंधरा फूट मागं एक लांब लाकडी टेबल. उद्यमनगरातला गाळा बंद झाल्यावर आप्पा घरात बसून पार वाळले होते. पेपरातलं टेंडर नोटिशीपर्यंत सगळं वाचून झालं की भिंतीकडं बघत बसायचे. आदितीनं त्यांना हाताला धरून आणलं आणि ह्या टेबलावर बसवलं. कॉम्प्युटरात गेमची चित्रं पळवणारं जे ग्राफिक कार्ड असतं, त्याला छोटे पंखे असतात. ते बंद पडले की लोक कार्डच फेकून देतात. आप्पा ते पंखे उघडून, साफ करून, पुन्हा फिरते करायला लागले. महिन्याभरात माणसाच्या तोंडावर रंग आला.

मला हा धंदा सुरुवातीला अजिबात पटायचा नाही. थोराड पोरांनी खेळायचं, आणि त्यावर एका बाईचं दुकान चालायचं, हे काय! मी तसं तोंडावर बोललो. आदिती हसली, म्हणाली, "उदयकाका, कॉम्प्युटर घरात अभ्यासाच्या नावानं शिरतोय. बारावी झाली, इंजिनिअरिंगला नंबर लागला, की बापच घिऊन येतोय पोराला. कन्सोलला असं कुठलं नाव देणार?" कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा, फक्त खेळायचा बंद डबा. तो घ्यायचा तर बापाला उघडपणे खेळणं घ्यावं लागतं, आणि आपल्याकडच्या बापाच्या ते जिवावर येतं.

मी मग शेजारी बसून नीट बघायला लागलो. कन्सोल नेलेलं गिऱ्हाईक सहसा पुन्हा तोंड दाखवत नाही. गेमसुद्धा ते घरबसल्या इंटरनेटवरून विकत घेतं, दुकानाला त्यातलं काही मिळत नाही. कॉम्प्युटरवाला सहा महिन्यांनी येतोच. आज मेमरी वाढव, उद्या कीबोर्ड बदल, परवा नवं कार्ड. त्याचं जुनं कार्ड आप्पांच्या हाताखालून जाऊन गारगोटीच्या कुणाच्या तरी मशिनीत बसतं, आणि गारगोटीतलं त्याहून जुनं एसटीच्या पार्सलनं गडहिंग्लजला जातं. एका मशिनीवर तीन गावांतली पोरं खेळतात. ह्याला धंदा म्हणायला माझी आता हरकत नाही.

एवढं सगळं आदितीनंच मला शिकवलं, आणि तीच गेल्या दिवाळीनंतर डळमळली. पुण्याच्या एका कंपनीचा माणूस आला. कोल्हापुरात कन्सोलचं एकच अधिकृत दालन द्यायचं ठरलंय, म्हणाला. पाटी त्यांची, सजावट त्यांची, जाहिरात त्यांची. अट एकच होती: मागचं दुरुस्तीचं टेबल काढून तिथं सोफा आणि मोठा टीव्ही लावायचा. दालनात काहीही उघडलेलं दिसता कामा नये.

तिला मोह झाला, त्यात तिचं काय चुकलं? दहा वर्षं ती धंद्यात एकटी उभी आहे. सुटे भाग उचलताना वाकून वाकून तिची कंबर गेलीय. कुणीतरी आयती पाटी लावून देतंय म्हटल्यावर कुणीही भुललं असतं. तिनं आप्पांना विचारलं. आप्पा लगेच म्हणाले, "काढ की टेबल. लाकूडच हाय." आणि पुन्हा पंख्यात डोकं घातलं. त्या दिवशी ते जेवायला म्हणून घरी गेले ते दुसऱ्या दिवशीच आले. जैनांच्या रीतीनं सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून ते रोज पाचला टेबलावरून उठायचे, त्या दिवशी तीनलाच उठले.

आदितीनं होकार कळवल्यावर कंपनीनं नमुन्याचे दोन कन्सोल आधी पाठवले. आठवड्यानं कंपनीचे साहेब तपासणीला आले, डबा उलटा केला आणि थबकले. खालचं सील फाटलेलं होतं. दोन्ही डब्यांचं. आदितीनं मागं वळून बघितलं. आप्पा पुटपुटले, "पंखा जरा आवाज करत हुता." साहेब थंडपणे म्हणाले, जिथं सील टिकत नाही तिथं आमची पाटी लागणार नाही. गाडीत बसून गेले. दालन महिन्याभरात दुसऱ्याच कुणाला तरी मिळालं.

गल्लीभर हसू झालं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. मिक्सरचा किस्सा चार जणांना सांगितला. आदिती मात्र हसली नाही. "आप्पा, उद्यापास्नं घरीच थांबा," एवढंच म्हणाली. आप्पांनी चष्मा खिशात घातला आणि निघाले.

पाचव्या दिवशी गारगोटीची तेजस्वी बंद कार्ड घेऊन आली. ती अॅनिमेशन शिकते, दोन दिवसांत तिला काम द्यायचं होतं. "काका कुठं हायत?" तिनं विचारलं. आदितीनं स्वतः पंखा उघडायला घेतला, तासभर झटली आणि त्याचं एक पातं मोडून बसली. मग कार्ड पिशवीत टाकून मला म्हणाली, "उदयकाका, शाहूपुरीला आप्पांच्या घरी चला माझ्यासंगं. एकटी गेले तर भांडीन."

आप्पा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते, पेपर घडी न मोडता तसाच मांडीवर. आदितीनं पिशवी त्यांच्यापुढं ठेवली. "चुकलं माझं. सवयीनं उघडलासा, त्यावर एवढं तोडून बोलायला नको हुतं. चला दुकानात."

आप्पांनी पिशवीला हात लावला नाही. म्हणाले, "सवयीनं न्हाय उघडलं, पोरी. मुद्दाम उघडलं. पंखा काय आवाज करत नव्हता."

चार जणांना सांगितलेला तो किस्सा आठवून मला माझीच लाज वाटली. आतून अक्काताई, आप्पांच्या मंडळी, पाण्याचे तांबे घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

"मग मला सांगायचं तरी," आदिती म्हणाली. "टेबल नको काढू म्हणायचं. मीच त्यांना नको म्हणून सांगितलं असतं."

"तुझं बरं हुतंय त्यात, माझ्यासाठी थांब म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?" आप्पा म्हणाले. "पण पुन्यांदा घरात बसायचं म्हटल्यावर छातीत धडधडाय लागलं बघ."

ती उठली. मला वाटलं, आता निघून जाणार. चप्पल घालता घालता म्हणाली, "मी तुमच्याशी बोलणार न्हाय. राग जाईपर्यंत न्हाय. पण उद्या धाला टेबलावर यायचं, तेजस्वीचं कार्ड पायजे."

आप्पा सकाळी पावणेदहालाच हजर झाले. आदिती खरोखरच बोलली नाही. आठ दिवस त्या पंधरा फुटांत निरोप्याचं काम मी केलं. "उदयकाका, त्यांना सांगा, गडहिंग्लजचं पार्सल आज जायचंय." "उदय, तिला सांग, मघाशीच बांधून ठेवलंय." माझी झेरॉक्सची गिऱ्हाइकं खोळंबली, दोघांवर मी मनातून चिडलो, पण जागचा हललो नाही.

नवव्या दिवशी ती पुढच्या काउंटरवरून, माझ्याकडं न बघता, म्हणाली, "आप्पा, ह्यो पंखा बघा जरा, थरथरतोय."

आप्पांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "उदय, काय म्हणत्या रं ती?"