कुरडयांमधून वाट

"पाहून पाय ठेव गा, खाली कोणी राहते!"

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत हे वाक्य ऐकू आलं की समजायचं, पहाडवाले काका जिना चढताहेत. पाय ठेवण्याआधी ते वाकून पायरी पाहत. मुंगी दिसली तर ती जाईपर्यंत थांबत. मागे दळणाचा डबा घेऊन उभा असलेल्याचा हात भरून येई; मुंगीला घाई नसे.

नागपूरचा माणूस आणि पहाड हे नातं तुम्हालाही माझ्याइतकंच संशयास्पद वाटेल. आमच्याकडे चढ म्हणजे उड्डाणपूल. पण विजेच्या खात्यातून निवृत्त झाल्यावर काका हिमालयात गेले आणि येताना एक दुःख घेऊन आले. मोठी झाडं संपतात त्याच्याही वर, खडकांच्या आडोशाला बोटभर उंचीची फुलझाडं असतात. तेवढं वाढण्यातच त्यांचं आयुष्य जातं. आणि ट्रेकला आलेले लोक फोटोसाठी त्यांच्यावर उभे राहतात. "त्यात आपले नागपूरचेच जास्त," हे सांगताना काकांचा आवाज पडे.

त्यांचं म्हणणं साधं होतं. चढाई सुरू होते तिथे, पहाडातलीच दोन माणसं हंगामभर बसवायची. येणाऱ्याला पाय कुठे ठेवायचा ते ती शिकवतील. त्यांच्या पगाराची सोय आमच्या ट्रेकिंग मंडळाने करावी. मंडळाने विषय गांभीर्याने घेतला आणि टी-शर्टचा रंग ठरवला.

तोवर काकांनी ट्रेकला जाणाऱ्यांसाठी गच्चीवर वर्ग उघडला. उन्हाळ्यात काकू तिथे कुरडया वाळत घालत. मधेमधे विटा मांडून काका म्हणत, "वीट म्हणजे दगड. कुरडई म्हणजे झाड. चला." ज्याच्या पायाखाली कुरडई मोडेल, त्याने दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन काकूंना कुरडया घालू लागायच्या, असा नियम. गव्हाचा गरम, घट्ट चीक साच्यातून पिळताना भल्याभल्यांचे दंड भरून येत. मीही पिळल्या आहेत. त्याविषयी बोलणार नाही.

अखेर मंडळाला देणगीदार सापडले. हिंगण्यात कारखाना असलेले एक साहेब. वर्ग पाहायला ते गच्चीवर आले तेच गळ्यात हार घेऊन; मंडळाच्या अध्यक्षांना जिन्यातच राहवलं नव्हतं. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, थोडे मागे." साहेब मागे गेले. खाली कुरकुर वाजलं. ते आणखी थोडे मागे गेले.

"अवं माय! माह्या कुरडया!" काकू ओरडल्या.

अध्यक्ष काकांच्या कानाशी लागले. "माफी मागून टाका जी, देणगी चालली!"

काकांचा चेहरा उतरला. पहाडावरची ती दोन माणसं या एका माणसावर अवलंबून होती. तरी म्हणाले, "साहेब, नियम सगळ्याइले सारखा. उद्या पहाटे या."

साहेबांनी गळ्यातला हार काढला आणि ते खाली उतरले. हार विटेवर राहिला. उरलेला दिवस आम्ही अध्यक्षांना पाणी पाजण्यात घालवला.

पहाटे साहेब आले! बहुधा घरी त्यांनी प्रसंग सांगितला असावा आणि बायकोने काकूंची बाजू घेतली असावी. बाह्या सारून, घामाघूम होत ते पिळत राहिले. ऊन चढेपर्यंत गच्ची कुरडयांनी भरली. तेवढ्यात त्यांचा ड्रायव्हर फोन घेऊन धावत वर आला.

"अबे, पाहून पाय ठेव ना बे!" साहेब किंचाळले. "खाली कोणी राहते!"

काका कठड्याकडे तोंड करून उभे राहिले.

टी-शर्ट काही आले नाहीत. साहेबांच्या देणगीतून माणसं मात्र नेमली गेली, आणि त्यांना तयार करायला काका स्वतः गेले. तिथे काय शिकवणार, असं मी विचारलं, तर म्हणाले, "गच्चीवर शिकवतो तेच."

गेल्या थंडीत काका वारले. यंदा आम्ही गल्लीतले काही जण त्या पहाडात गेलो. वाटेच्या तोंडाशी कानटोपी घातलेला एक पहाडी गडी दिल्लीच्या घोळक्याला अडवून खडकाजवळची इवली झाडं दाखवत होता. "भाईसाब, पत्थर पर चलिए. यह कुरडई है. बहुत नाजुक होती है."

काकूंनी बांधून दिलेल्या तळलेल्या कुरडयांतली एक मी त्याच्या हातावर ठेवली.

"यह क्या है?"

"कुरडई," मी म्हणालो.

ती मी कुठून तरी उपटून आणली असावी, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. मग वाकून नीट जागा पाहिली, आणि कुरडई अलगद खडकाच्या आडोशाला ठेवून दिली.