उजव्या बाजूचा रंग

गाडी बघायला येणाऱ्या माणसानं फोनवरच सांगून ठेवलं होतं, "काका, मी यायच्या आधी चालू करू नका. इंजिन थंड पाहिजे." दिवाळीपासून गाडी अंगणात उभीच होती. बॅटरी उतरू नये म्हणून शेजारचे अधूनमधून चालू करून देत, तेवढंच. पण हे मी त्याला सांगितलं नाही.

गाडी माझ्या मुलीची. लाल रंगाची, दिसायला लहानशी, पण आत टर्बोचं इंजिन. नागपूरला नोकरी लागल्यावर तिनं स्वतःच्या पगारातून घेतली आणि सुट्टी मिळाली की तीच घेऊन यवतमाळला यायची. पावसाळा संपता संपता तिला ताप आला. साधाच वाटला. आम्ही नागपूरला पोचलो तेव्हा ती आयसीयूत होती आणि आम्हाला ओळखत नव्हती.

लोकांना मात्र वाटतं, ती गाडीनंच गेली. तरुण पोरगी आणि पळणारी गाडी म्हटल्यावर पुढचं कोणी ऐकून घेत नाही. म्हणून तो माणूस दारव्ह्याहून आला तेव्हा चहाच्या आधी मी त्याला सांगितलं, "गाडीचा अॅक्सिडेंट झालेला नाही. एकदाही नाही. पोरगी तापानं गेली."

तो म्हणाला, "काका, तरी मले पाहावं लागंन. अशा गाड्या लोकं लई रगडतात."

"पाहा नं," मी म्हटलं.

त्यानं आधी बोनेटवर तळहात ठेवला. गाडी चालू करून मागं जाऊन धूर पाहिला, ऑइल जळून निळा येतो का म्हणून. ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवलं. चाकं वळवून टायरची आतली कड चाचपली, ब्रेकच्या डिस्कला झिजून कड आली का ते पाहिलं. दाराचं रबर ओढून आतलं वेल्डिंग बघितलं. त्याचा हात गाडीवर फिरत होता आणि मला ते बघवत नव्हतं, पण आत जाणंही बरं दिसलं नसतं.

मग तो पुढच्या उजव्या चाकाशी उकिडवा बसला. त्या चाकावरच्या पत्र्याचे बोल्ट त्यानं मोबाइलच्या उजेडात पाहिले.

"काका, हा पत्रा खोललेला हाय. बोल्टाचा रंग उडला. अन् ह्या बाजूचा लाल जरा वेगळा दिसते."

मला राग आला. "मी खोटं बोलून राह्यलो का?"

"तसं नाही म्हणत मी. तुमाले माहीत नसंन."

तेवढ्यात बायको पायरीवर येऊन उभी राहिली. ती केव्हापासून ऐकत होती कोण जाणे. "रोही आडवा आलता," ती म्हणाली. "राळेगावच्या रस्त्यावर. मी होती गाडीत."

गाडीला नीलगाय धडकल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ती त्या माणसाशीच बोलत होती. "लई नाही लागलं. पत्रा चेपला अन् लाइट फुटला. नागपूरहून नवीन करून आणला तिनं."

त्यानं मान डोलावली. मग तो म्हणाला, एक चक्कर मारून क्लच पाहतो. मी शेजारी बसलो. लोहाऱ्याच्या बाजूला रस्ता मोकळा लागल्यावर त्यानं तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालवत एकदम पाय दाबला. गाडीनं मला सीटवर मागं ढकललं. खिडकीच्या वरचं हँडल मी दोन्ही हातांनी धरलं. मुलीच्या गाडीतही मी असाच बसायचो. ती हसायची, "बाबा, ते उपटून हाती येईन." मग तिनं मला चला म्हणणं सोडलं आणि मीही कधी म्हटलं नाही.

परत आल्यावर त्यानं इंजिन लगेच बंद केलं नाही. थोडा वेळ तसंच चालू ठेवून बसला. "ताई पण असंच करत होत्या का? टर्बो चांगला राह्यला हाय म्हणून विचारतो. गरम गाडी लगेच बंद केली की तो खराब होते."

मला आठवलं. ती आली की फाटकाशी गाडीचा आवाज तसाच चालू राहायचा. मी दार उघडून वाट बघत उभा असायचो आणि मनात म्हणायचो, हिचा फोन काही संपत नाही.

"करत होती," मी म्हटलं.

गाडी त्यानं घेतली. पत्र्यासाठी थोडी किंमत कमी करा म्हणाला, मी केली. कागदांवर सह्या झाल्या. बायकोनं गाडीतून मुलीची ओढणी आणि गॉगल तेवढा काढून घेतला. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा ती घरात गेली होती. मी फाटक लावलं.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "मले काहून नाही सांगितलं?"

ती तूर निवडत होती. "तिनंच नको म्हटलं."

"मी रागावलो असतो का?"

"रागावले नसते. गाडी इकायले लावली असती."

तीच पुढं सांगायला लागली. रोही पडला आणि उठून कपाशीच्या पऱ्हाटीत निघून गेला. पोरगी रस्त्याच्या कडेला बसून रडली, त्याचा पाय मोडला असंन म्हणून. गाडीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मग दोघींनी एका टपरीवर चहा घेतला आणि ठरवलं, घरी गाडीची उजवी बाजू भिंतीकडं करून लावायची, मला कळू द्यायचं नाही. त्याच्या आधी आणि नंतरही दोघी खूपदा गाडी घेऊन फिरायला गेल्या होत्या, मी दुपारी झोपलो की.

"जोरात चालवत होती?"

"हो."

"किती?"

"काट्याकडे कोण पाह्यते. मी तिच्याकडेच पाहत होती."

तिनं सुपातली तूर पुन्हा ताटात ओतली आणि निवडलेलीच परत निवडायला घेतली.