देवीचा दहीभात आणि आतड्याचा दोरा

हसनाबादची झुंबरबाई लहानपणीच विधवा झाली. भावाच्या संसारात अडगळ नको म्हणून ती जालन्यातल्या एका दवाखान्यात कामाला लागली. आधी फरशी पुसली, मग पट्ट्या उकळल्या आणि पुढं डॉक्टर मार्तंडरावांनी तिला टाक्यांचे दोरे हाताळायला शिकवलं. पोटाच्या आत मेंढीच्या आतड्याचा दोरा, कारण तो आपोआप विरून जातो. वर कातडीला रेशीम.

एका उन्हाळ्यात जठराचे टाके वेळेआधीच सुटले आणि एक धडधाकट माणूस गेला. त्याचं अंग झुंबरबाईनंच पुसलं. त्यानंतर डॉक्टरांनी खाटकाकडून बकऱ्याच्या जठरातला रस मागवला, बाटलीत ओतून त्यात दोन्ही दोरे सोडले आणि बाटली उन्हाच्या खिडकीत ठेवली. मटण जिरवणाऱ्या रसाला आतड्याच्या दोऱ्याचं काय कौतुक, असं ते स्वतःशीच पुटपुटले. तेव्हापासून ते जठराच्या बाहेरच्या अंगानं रेशमाची दुसरी ओळ घालू लागले. पोट शिवलेल्याला ते सांगेपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही, असाही दंडक झाला. नवीन दोरा आला की तो पारखायला बाटली पुन्हा खिडकीत दिसे.

केदारखेड्याच्या पुंजारामचं फुटलेलं जठर असंच दुहेरी शिवलं. त्याला शुद्ध आली तशी त्याची आई, द्वारकाबाई, पदराखाली वाटी घेऊन आली. लेकानं डोळे उघडले तर पहिला घास देवीच्या दहीभाताचा, असा तिचा नवस होता. झुंबरबाईनं अडवलं तेव्हा म्हातारी दुखावली.

"खाणं कुठं देऊन राह्यले मी? परसाद हाये. परसाद कुनाला बाधतो का?"

झुंबरबाईच्याही देव्हाऱ्यात तीच देवी होती. पण ते पुसलेलं अंगही डोळ्यांपुढून हलेना. तिनं बाटली आणली, चिमट्यानं आतड्याचा दोरा काढून धुतला, टोक द्वारकाबाईच्या हाती दिलं आणि ओढायला सांगितलं. दोरा भिजल्या शेवईसारखा तुटला. रेशीम मात्र तुटलं नाही.

"मंग समदेच रेशमाचे का न्हाई घातले?"

जठराच्या आतल्या अंगाला राहिलेलं रेशीम विरत नाही, त्याच्याभोवती पुन्हा जखम होते, हे झुंबरबाईनं समजावलं. घास गेला की हाच रस सुटतो. मांस जुळेपर्यंत दोऱ्यानं तग धरायला हवा.

"देवीला काय घाई हाये, मावशी? जरा दम धर म्हनावं तिला."

म्हातारीला हसू फुटता फुटता राहिलं. तिनं भाताचं एक शीत लेकाच्या कपाळाला लावलं आणि उरलेला दहीभात बाहेरच्या गाईला घातला. मग ती दारातच ठाण मांडून बसली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचं गाठोडं तीच आधी चाचपायची आणि तुटलेल्या दोऱ्याची गोष्ट ऐकवल्याशिवाय कुणाला आत सोडायची नाही.

डॉक्टरांनी मऊ खायला परवानगी दिली त्या सकाळी ती ताजा दहीभात घेऊन आली. घास उचलला आणि हात मध्येच थांबला.

"तुमचा दोरा धरंल ना, बाई?"

"दोऱ्याचं काम झालं, मावशी. आता त्याच्या मांसानंच धरलंय."

पुंजाराम मघापासून तोंड उघडूनच बसला होता.