खिशातले फ्यूज

भर दुपारी आमच्या गल्लीतली लाइट गेली. दोन वायरमन आले. एक खांबावर चढला, दुसरा खाली थांबला. डीपीतले फ्यूज काढून त्याने शर्टाच्या खिशात ठेवले होते आणि खिशावर तळहात दाबून धरला होता. ते फ्यूज कुणी परत बसवले, तर वरचा माणूस संपला.

शेजारचे नाना तापले होते. "अहो, निदान आमची बाजू तरी चालू करा!"

 खालच्याचा खिशावरचा हात तेवढा आणखी घट्ट झाला. मी चहा नेला.

"तो उतरू दे, ताई."

"एक हात मोकळा आहे की."

"हात आहे हो. लक्ष एकच आहे."

वर पक्कड तारेला भिडली आणि मी खालच्याच्या खिशाकडे पाहिलं. आमच्या ऑफिसात सहकाऱ्याचं कौतुक निवृत्तीच्या दिवशी होतं. शाल, नारळ, गहिवरून केलेली भाषणं. पुढच्या महिन्यात मलाही ते सगळं मिळेल.

पण एवढ्या आरडाओरड्यात वरच्याने एकदाही खाली वाकून पाहिलं नाही. माझ्या भरवशावर असं कुणी कधी काम केलं होतं का, ते आठवत मी निवत चाललेला चहा धरून उभी राहिले.