आधी फोन करा

आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला चामराजपेटेतले एक कानडी गृहस्थ यायचे. आधी हातपाय धुवायचे, मगच कीबोर्डला हात लावायचे.

एकदा अमेरिकेतल्या मुलाच्या नावानं ईमेल आली. त्यातली फाईल मी उघडली आणि व्हायरस शिरला.

"एकदाच उघडली ना?" त्यांनी विचारलं.

"सात वेळा," मी ओशाळून म्हणाले. "वाटलं, नातीचा फोटो असेल."

ते हसले नाहीत. सगळं साफ करून, चष्मा पुसत म्हणाले, "अक्का, मुलाच्या नावानं आलं तरी स्वल्प थांबा. आधी फोन करून विचारा, तूच पाठवलंस का?"

तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. मी मात्र ईमेल आली की अजून फोन करते. मुलगा वैतागतो, "अगं आई, मीच!"

मला तेवढंच तर ऐकायचं असतं.